खडूची जाडी

“हा कोपरा खरंच हलतो?” मगदूम सरांनी विचारलं.

“हलवून बघा की, सर. तेवढ्यासाठीच तर केलाय.”

तापल्या तव्याला हात लावावा तसा सरांनी माउसला हात लावला. पडद्यावरच्या त्रिकोणाचा ‘क’ नावाचा कोपरा त्यांनी जरासा डावीकडे ओढला आणि लगेच हात काढून घेतला. त्रिकोण वाकडा झाला. मग त्याच्या आत दुसरा त्रिकोण उमटला आणि मोठा होऊन पडद्याभर पसरला. त्याच्या आत तिसरा, मग चौथा. दरवेळी वाकडेपणा थोडा थोडा कमी होत गेला आणि शेवटी तिन्ही बाजू सारख्या असलेला एक शहाणा त्रिकोण येऊन थांबला.

चष्मा काढून सरांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि कोपरा उजवीकडे ओढून पाहिला. पुन्हा तेच झालं. वेडावाकडा त्रिकोण हळूहळू सरळ होत गेला.

“आली गं,” ते म्हणाले. “आली बघ आपली राजुल.”

लॅपटॉपची वायर नीट करायचं निमित्त काढून मी टेबलाखाली वाकले आणि डोळे कोरडे होईपर्यंत तिथेच रेंगाळले.

राजुल ही सरांची एकुलती एक मुलगी आणि माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. पुण्यात नोकरीला लागून जेमतेम स्थिरावली होती, तेवढ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर गडहिंग्लजच्या त्या घरात सरांना बोलायला एकच विषय उरला होता, तिचा त्रिकोण.

अकरावीत असताना राजुलने एक रीत शोधून काढली होती. कोणताही त्रिकोण घ्यायचा. त्याच्या प्रत्येक बाजूवर, उरलेल्या दोन बाजूंच्या लांबीवरून ठरणारा एक बिंदू घ्यायचा. ते तीन बिंदू जोडले की आत नवा त्रिकोण तयार. त्याच्यावर पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिचं म्हणणं असं, की सुरुवातीचा त्रिकोण कितीही वाकडातिकडा असो, शेवटी तिन्ही बाजू सारख्या होणारच. सरांनी ते कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आणलं, पाहुण्यारावळ्यांना ऐकवलं, एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत शेजारच्याला ताटातल्या मिठाने काढून दाखवलं. सिद्धता नसेल तर त्याला अटकळ म्हणायचं, प्रमेय म्हणायचं नाही, हे आमच्या डोक्यात ज्यांनी खिळा ठोकावा तसं ठोकलं, तेच सर याला बिनदिक्कत ‘राजुलचं प्रमेय’ म्हणायचे. सिद्धता ते स्वतः निवृत्तीनंतर रोज सकाळी बस्तीत जिनदर्शन करून आले की लिहायला बसत. ती कधी पुरी होत नव्हती. लेकीच्या बाबतीत बाप हा बापच असतो, मग तो गणिताचा प्राध्यापक का असेना.

बारावीनंतर राजुलने मात्र गणिताला रामराम ठोकला आणि कॉमर्सला गेली. का, ते तिने मलाही सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, “कंटाळा आला गं.” सर म्हणायचे, “आईच्या वळणावर गेली. हट्ट, दुसरं काय!”

माझं आणि गणिताचं कधीच फारसं सख्य नव्हतं. पण पोटासाठी माणूस काय काय करतो. पुण्यात एका कंपनीत मी वेबवर गणिताची हलती चित्रं बनवायचं काम करत होते. मुलांनी बोटाने बिंदू सरकवायचा आणि आलेख कसा वाकतो ते बघायचं, वर्तुळ मोठं करायचं आणि परिघाचं काय होतं ते बघायचं, असली चित्रं. हे सरांच्या कानावर गेलं आणि त्यांचा फोन आला.

“गिरिजा, एक चित्र माझं करशील? राजुलचं?”

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मग दर आठवड्याला फोन. कोपऱ्यांना इंग्रजी अक्षरं नकोत, क, ख, ग पाहिजेत. रेषा झटकन उमटायच्या नाहीत, हाताने काढल्यासारख्या सावकाश यायला पाहिजेत. पानाच्या डोक्यावर तिचं पूर्ण नाव पाहिजे, राजुल भूपाल मगदूम. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला.

“हे जगात कुठूनही दिसणार ना? मी आणि ही गेल्यावरसुद्धा?”

“दिसणार, सर.”

“मग झालं. आमच्यामागं तिचं नाव घ्यायला आहे कोण?”

मंगळवारी राजुलचा स्मृतिदिन होता. कॉलेजच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर हे पान सगळ्यांसमोर उघडायचं ठरलं होतं. सरांनी जुने सहकारी, विद्यार्थी, गावातले चार प्रतिष्ठित, सगळ्यांना स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. मी रजा टाकून रविवारी सकाळीच त्यांच्या घरी येऊन बसले होते ती त्यासाठी.

“अगं, ये की इकडं!” सरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “बघ पोरीनं काय केलंय!”

राजुलची आई, आमच्या काकी, आल्या. हाताला भाकरीचं पीठ होतं. काकी मुळातच कमी बोलायच्या आणि राजुल गेल्यापासून तर फक्त गरजेपुरतं. त्या सरांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि सरांनी दोन-तीन वेळा कोपरा हलवून दाखवला तो त्यांनी बघितला.

“बघितलंस? कसाही असू दे. सरळ होतो म्हणजे होतो.”

“बघितलं.”

“तू पण ओढ की. लाजतीस काय?”

काकींनी पदराला हात पुसला. मला विचारलं, “कुठंही नेता येतो हा?”

“कुठंही न्या, काकी. अडवणारं कोण नाही.”

मी त्यांना माउस कसा धरायचा ते दाखवलं. आता लहान मुलासारखा त्या कोपरा इकडेतिकडे फिरवतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी कोपरा धरला आणि कुठेही न थांबता खाली, डावीकडे, अगदी पडद्याच्या कडेपर्यंत नेला. त्रिकोण लांबच लांब आणि चपटा झाला, वाळत घातलेल्या धोतरासारखा. मग त्यांनी हात काढला.

आतला त्रिकोण उमटला. मोठा होऊन पसरला. तो पहिल्यापेक्षा चपटा होता. त्याच्या आतला त्याहून चपटा. आणखी एक. आणखी एक. शेवटी पडद्यावर एक आडवी रेघ उरली आणि चित्र थांबलं.

काकींनी त्या रेघेकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि त्या भाकऱ्या करायला निघून गेल्या.

“तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे,” सर म्हणाले.

“असणार,” मी म्हणाले. मला खरंच तसंच वाटत होतं. आमच्या धंद्यात चित्र बिघडलं की आधी आपलाच कान धरायचा असतो.

दुपारभर आम्ही ती चूक शोधत होतो. संगणक प्रत्येक आकडा दशांशाच्या काही घरांपुरताच धरतो. चपट्या त्रिकोणात तेवढ्याने घोटाळा होऊ शकतो, म्हणून मी ती घरं दुप्पट केली, मग चौपट केली. पडद्यावर रेघच आली. बिंदू काढायचं सूत्र मी वेगळ्या वाटेने पुन्हा लिहिलं. रेघच आली. सरांना आशा होती, की मी बाजूंची अदलाबदल केली असेल. ओळ न् ओळ त्यांना वाचून दाखवली. ते प्रत्येक ओळीला मान हलवायचे आणि ओळ बरोबर निघाली की त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. स्वतःचं काम बरोबर निघतंय याचं एवढं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, “यंत्राचं सोड. मी हातानं करतो.”

त्यांनी काकींनी नेला होता तसाच एक चपटा त्रिकोण घेतला आणि आकडेमोडीला बसले. मांडणी फळ्यावर करायचे तशीच, स्वच्छ. प्रत्येक पायरीला त्रिकोणाच्या उंचीला त्याच्या पायाने भागायचं. ते उत्तर वाढलं तर त्रिकोण सावरतोय, कमी झालं तर चपटा होतोय. पहिल्या पायरीला कमी झालं. दुसऱ्या पायरीला आणखी कमी झालं. तिसरी त्यांनी दोनदा केली. मग पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

“चार वाजून गेले,” काकी दारातून म्हणाल्या. “दिवस बुडायच्या आत जेवून घ्या. दुपारचं पण तसंच राहिलंय.”

“भूक नाही,” सर म्हणाले.

काकी गेल्या नाहीत. दारालाच टेकून उभ्या राहिल्या.

मी सरांना समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, बऱ्याचशा त्रिकोणांना हे लागू पडतंच की. फारच चपटे असतील तेवढेच मोडतात. असं लिहू या, की इतक्यापर्यंत खरं आहे आणि त्यापुढे नाही. तेही काही कमी नाही. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं, की हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. प्रमेय हे बहुतेक वेळा खरं असून चालत नाही, हे मला शिकवणारा माणूस समोर बसला होता.

“गिरिजा,” सर म्हणाले, “हा कोपरा इतका खाली जाऊच दिला नाही तर?”

मला कळलं. तरी मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे अडवायचा. एका हद्दीपर्यंत जाईल, पुढं जाणार नाही. जमतं का असं?”

जमतं. एका ओळीचं काम असतं. आमच्या कंपनीत तर ते नेहमीचंच होतं. चित्र जिथे कुरूप दिसतं तिथे बिंदू पोचूच द्यायचा नाही.

“सर, हे काही कॉलेजच्या भिंतीवर लावलेलं चित्र नव्हे. जगात कुणीही उघडून बघणार. एखादा विचारेल की कोपरा इथेच का अडतो.”

“विचारू दे. तेव्हाचं तेव्हा बघू.”

“आणि वर प्रमेय लिहिलंय.”

“मला शिकवतेस?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. “मला कळत नाही व्हय गं? जन्म गेला माझा हे शिकवण्यात. पण तिचं दुसरं काय राहिलंय सांग की मला. कपडे दिले. पुस्तकं दिली. फोटो काय, फोटो सगळ्यांचेच असतात. ही एक गोष्ट होती, जी तिनं केली आणि दुसऱ्या कुणी केली नव्हती. मंगळवारी सगळी येणार आहेत. मी त्यांना काय दाखवू? माझ्या मुलीनं एक गोष्ट म्हटली होती आणि ती खोटी निघाली, हे दाखवू?”

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. खरोखरच जोडले. ज्यांची चप्पल पायरीवर वाजली तरी आम्ही गार व्हायचो, त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले.

“एवढा एक कोपरा अडव. तुला काय अवघड आहे?”

मी लॅपटॉप जवळ ओढला. त्या क्षणी मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात काकी बोलल्या.

“अडव. पण मग वरचं तिचं नाव काढ. ह्यांचं घाल.”

सर वळले. “तू गप्प बस. तुला ह्यातलं काय कळतं?”

“काही नाही कळत. म्हणूनच गप्प बसले इतकी वर्षं.” काकी आत आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, भाजी काय करायची असं विचारावं तसं त्या बोलत होत्या. “तिनं तुम्हाला हे दाखवलं होतं.”

“काय दाखवलं होतं?”

“हेच. रेघ होते ते.”

“कधी?”

“बारावीत होती. तुमचं ते पुस्तक छापून आलं होतं बघा, कॉलेजचं. तुम्ही गठ्ठाच घेऊन आला होता घरी, पाहुण्यांना वाटायला. त्याच दिवशी. फळा पुरंना म्हणून तिनं इथं, फरशीवर काढला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासनं ते बाहेरच्या दारापर्यंत. हा असाच, लांबडा. मला म्हटली, आई, पाय देऊ नको, अप्पांना दाखवायचाय. मी दुपारभर कडंकडंनं चालत होते.”

मी फरशीकडे पाहिलं. तिरकी रेघ काढली तर स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तेवढी एकच लांब जागा त्या घरात होती.

“तुम्ही आला, बघितलं. ती म्हटली, अप्पा, हा सरळ होत नाही. आडवा व्हायलाय. आपलं चुकलं. तुम्ही काय म्हटलात?”

सरांनी समोरचे आकडेमोडीचे कागद सारखे केले.

“खडूची जाडी म्हटलात. आतला त्रिकोण रेघेपेक्षा बारीक झाला, म्हणून तुला तसं दिसायलंय. हे गणित नव्हे, खडूची जाडी आहे. आणि हसलात. ते पुस्तक तिच्या हातात दिलंत.”

“मला आठवत नाही.”

“तुम्हाला कसं आठवंल? तुम्ही चहा पिऊन बाहेर गेला. तिनं खडू घासून घासून टोक काढलं, सुताचा दोरा ताणून परत सगळा काढला. संध्याकाळी तुम्ही आल्यावर म्हटली, आता बघा, बारीक रेघ आहे. तुम्ही म्हटलात, उद्या. मग ओलं फडकं घेतलं आणि तिनंच पुसलं. मी म्हटलं राहू दे, मी पुसते, तर म्हटली नको.” काकी थांबल्या. “त्यानंतर तिनं खडू हातात धरलेला मी बघितला नाही. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरला, आईच्या वळणावर गेली.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

“तेव्हा का बोलली नाहीस?” सरांनी विचारलं.

“तुम्ही म्हणता म्हणजे असंल खडूची जाडी, असंच मला वाटलं. तिचं चुकलं असणार. एवढे शिकलेले तुम्ही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आज ही म्हटली, कुठंही न्या, अडवणारं कोण नाही. म्हटलं, नेऊन बघावं तिनं नेला होता तिथं. खरं काय ते एकदा मला तरी कळू दे.”

म्हणजे सकाळी तो कोपरा त्यांच्या हातून चुकून तिकडे गेला नव्हता. फरशीवर बघितलेला तो लांबडा त्रिकोण त्यांनी इतकी वर्षं डोळ्यांत जपला होता आणि आज मी दिलेल्या माउसने तो जसाच्या तसा काढला होता.

सर पडद्याकडे वळले. त्यांनी माउस हातात घेतला. आता तो हात अजिबात घाबरत नव्हता. कोपरा त्यांनी वर नेला, त्रिकोण सरळ झाला. खाली आणला, रेघ झाली. मग थोडा वर, मग थोडा खाली, असं करत करत ते त्या जागेपाशी आले जिथे केसभर इकडे गेलं तर त्रिकोण सावरतो आणि केसभर तिकडे गेलं तर कायमचा आडवा होतो. तिथे ते थांबले.

“गिरिजा,” त्यांनी मला विचारलं, “इथं रेषेला जाडी असते?”

“पडद्यावर दिसायला असते, सर. आतल्या हिशेबात नसते.”

“हिशेब बिनजाडीचा.”

“हो.”

“म्हणजे तिचं बरोबर होतं.”

“हो, सर.”

“सतरा वर्षांची होती.” मग माउसवरचा हात काढून ते म्हणाले, “तिनं स्वतःचंच म्हणणं स्वतः मोडून काढलं. माझ्या अख्ख्या नोकरीत असं करणारा एक विद्यार्थी मला मिळाला नाही. मी वाट बघत होतो. दरवर्षी वाट बघायचो.”

त्यांनी खुर्ची मागे सारली आणि ते उभे राहिले, कुठेतरी निघाल्यासारखे. खिशात पेन आहे का ते चाचपलं. दाराकडे दोन पावलं टाकली.

“तिला सांगायला पाहिजे,” ते म्हणाले. “तुझं बरोबर होतं म्हणून सांगायला पाहिजे.”

मी काकींकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता रडतील किंवा सरांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवतील.

“सांगा की,” काकी म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. राग तर अजिबातच नव्हता. इतक्या वर्षांनी तरी हा माणूस ते सांगेल, एवढीच त्या वाट बघत असाव्यात.

सर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि खाली बघायला लागले, उंबऱ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून परत उंबऱ्यापर्यंत. मग ते गुडघे टेकून खाली बसले आणि तळहाताने फरशी चाचपत पुढे पुढे सरकू लागले. फरशी स्वच्छ होती. काकी ती रोज दोन वेळा पुसायच्या.